बर्डीचा किल्ला आठवड्यातून एकदा तरी उघडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बाहेरचे पाहुणे नागपुरात थांबत का नाहीत, यावर आपल्या दैनिकात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. दुखणं सगळ्यांनी बरोबर ओळखलंय. पाहुणा विमानतळावर उतरतो, गाडीत बसतो आणि ताडोब्याला नाहीतर पेंचला वाघ बघायला निघून जातो. परतताना संत्रा बर्फीचा डबा घेतला की त्याचं नागपूर आटोपलं. औषधं मात्र ज्याची त्याची वेगळी. कुणाला तलावात आणखी कारंजी हवीत, कुणाला मोठा आकाशपाळणा, आणि एका गृहस्थांना बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ‘युरोपसारखा’ रस्ता हवाय, दगडी फरशी आणि नक्षीदार दिवे लावलेला.

त्या ‘युरोपसारखा’मुळे मी लिहायला बसले. यंदा मे महिन्यात, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत, आम्ही चार मैत्रिणी तिकडे जाऊन आलो. रेशीमबाग मैदानावर सकाळी फिरणारी आमची चौकडी आहे. मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेली, एक बँकेतून, एक शाळेतून आणि चौथी अजूनही शिवणक्लास चालवते. बँकवालीचा मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला नोकरीला आहे, त्याच्याकडे मुक्काम होता. तिथून एका शनिवार-रविवारी आम्ही चौघीच चेक देशाची राजधानी प्राग बघायला गेलो. गाडी नदीच्या काठाकाठानं सुमारे अडीच तासांत पोचवते. नदी बहुतेक वाटेत एकच, जर्मनीत तिला एल्ब म्हणतात, पुढे चेकमध्ये लाबे.

दगडी फरशी आणि नक्षीदार दिवे तिथे आहेतच. पण सगळं सोनंच आहे, असं समजू नका. जुन्या चौकाजवळ ‘कमिशन शून्य’ अशी पाटी लावलेल्या एका दुकानात आमच्या बँकवालीनं युरो देऊन तिथल्या क्राऊन नोटा घेतल्या. (चेक देश युरोपीय संघात आहे, पण चलन स्वतःचं ठेवून आहे.) भाव इतका पडेल दिला होता, की बँकेत जन्म काढलेल्या बाईनं बाहेर येऊन हिशेब केला आणि तिचं डोकंच फिरलं. अशा तक्रारी फार झाल्या म्हणून त्या देशानं २०१९ साली नियम केला. हजार युरोपर्यंतचा व्यवहार असेल, तर गिऱ्हाईक तीन तासांच्या आत तो रद्द करू शकतं. बाई पावती घेऊन परत दुकानात शिरल्या आणि पैसे वाजवून घेऊन आल्या. चेहरा असा, की जणू प्राग त्यांनीच जिंकलं. रात्री दारू पीत टोळक्यानं गुत्ते पालथे घालायच्या सहलींनी तिथल्या रहिवाशांच्या नाकी नऊ आले होते. शेवटी २०२४ साली महापालिकेनं रात्री दहानंतर अशा आयोजित सहलींना बंदी घातली. तेव्हा ‘युरोपसारखं’ म्हणताना त्यातलं नेमकं काय हवंय, ते आधी ठरवायला हवं.

मला हवंय ते एकच, किल्ल्याचं उघडं दार, आणि ते दगडी फरशीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

प्रागचा किल्ला तिथल्या व्ल्तावा नदीपलीकडच्या टेकडीवर आहे. बावीस नंबरची ट्राम जवळपास दारात सोडते. ट्रामचं चोवीस तासांचं तिकीट आम्ही काढलं होतं. पिवळ्या यंत्रात त्याच्यावर एकदा ठसा मारायचा, आणि ठसा पडल्या क्षणापासून चोवीस तास मोजायचे. रात्री बारा वाजले म्हणून तिकीट मरत नाही. खिडकीमागे बसून लोकांचे वाद ऐकलेल्या मला ही पद्धत इतकी पटली, की मी त्या तिकिटाचा फोटो काढून ठेवलाय. असो.

तर किल्ला. सुमारे सत्तर हजार चौरस मीटरचा पसारा आहे, आत राजवाडा, बागा, गल्ल्या आणि एक अजस्र कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च. ते १३४४ साली बांधायला घेतलं आणि पुरं झालं १९२९ साली. (आपल्याकडच्या उड्डाणपुलांना नावं ठेवणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत.) पण मुद्दा कॅथेड्रलचा नाही. हा किल्ला म्हणजे आजच्या घडीला त्या देशाच्या राष्ट्रपतींचं कार्यालय आहे. राष्ट्रपती देशात असले की वर त्यांचा ध्वज फडकतो, आम्ही गेलो तेव्हा तो फडकत होता. आणि त्याच ध्वजाखालून आम्ही नागपूरच्या चौघी, स्पोर्ट शूज आणि सलवार-कुर्त्यात, आत गेलो. अंगणात जायला पैसे नाहीत. राजवाडा, कॅथेड्रलचा आतला भाग असं बघायचं असेल तर तिकीट. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत आवार उघडं असतं.

आमची तपासणी झाली, कडक झाली. शिवणक्लासवालीच्या पिशवीत चिवड्याचा स्टीलचा डबा होता. यंत्रात तो काळा गोळा दिसला असणार. पोलिसानं डबा उघडायला लावला. झाकण निघालं तसा लसूण-खोबऱ्याचा वास त्या सगळ्या रांगेत पसरला. त्यानं आत वाकून बघितलं, एक दाणा बोटानं हलवला, काहीतरी पुटपुटला आणि डबा परत दिला. आमची बाई म्हणते, “घे ना भाऊ थोडा, काहून लाजून राहिला?” तो बिचारा काय समजणार! पण त्याच्या कपाळावर आठी नव्हती. पुढे फाटकाशी फिकट निळ्या गणवेशातले पहारेकरी उभे होते, पापणीही न हलवता. दर तासाला पहारा बदलतो आणि दुपारी बाराला तुताऱ्या वाजवून बदलतो, तो बघायला ही गर्दी.

हे दार पूर्वीपासून असं उघडं नव्हतं, म्हणून हे सगळं सांगते आहे. कम्युनिस्ट राजवटीत किल्ल्यातली राजबाग लोकांना बंद होती. १९८९च्या नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर उतरली, राजवट कोसळली आणि वात्स्लाव हावेल नावाचे नाटककार राष्ट्रपती झाले. त्यांच्या काळात बागा लोकांसाठी उघडल्या गेल्या. पहारेकऱ्यांचा गणवेशसुद्धा तेव्हाच बदलला, तो चित्रपटांची वेशभूषा करणाऱ्या एका कलाकारानं बेतला. म्हणजे दार कुणीतरी ठरवून उघडलं.

आता आपल्याकडे या. सीताबर्डीचा किल्ला शहराच्या ऐन मध्यावर आहे. पायथ्याशी मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, जवळच झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे. आणि हा किल्ला सामान्य माणसाला वर्षातून तीन दिवस बघायला मिळतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्यातला १ मे नागपुरात कसा असतो, ते मी नागपूरकरांना सांगायला नको. उरलेल्या दिवसांत बर्डीच्या बाजारातून वर मान करून झाडं बघायची.

किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि सैन्याची निकड मला कळते. राष्ट्रपतींचं कार्यालय आणि सैन्याचं ठाणं एक नव्हे, असं कुणी म्हणेल तर तेही मान्य. पण आपल्याच देशात दिल्लीचा लाल किल्ला २००३ सालापर्यंत सैन्याकडे होता, मग तो पुरातत्त्व खात्याकडे गेला. राष्ट्रपती भवनसुद्धा आधी नाव नोंदवून बघता येतं. मी तर सैन्यानं किल्ला सोडावा असंही म्हणत नाही. रविवारी सकाळी तीन-चार तास. नावनोंदणी आधी, ओळखपत्र सोबत, माणसं मोजून सोडायची, सैन्याच्या कामाचा भाग दोरी लावून बंद. प्रागच्या किल्ल्यातही कितीतरी दारांवर ‘प्रवेश नाही’च होतं. उरलेलं बघूनच आमचे पाय दुखायला लागले.

तुम्ही विचाराल, वर बघायला आहे काय? याचं उत्तर मला प्रागच्या चौकात मिळालं.

तिथल्या जुन्या नगरभवनाच्या बुरुजावर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तास पडला की सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरत जातात आणि शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. घड्याळाच्या बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास आहेत, आत राशीचक्र. मास्तरीणबाई त्यासमोरून हलेनात. आपल्या पंचांगात घटका सूर्योदयापासून, यांचे तास सूर्यास्तापासून, हे त्यांनी आम्हाला तिथेच उभं करून समजावलं. हजारभर माणसं मोबाईल वर धरून उभी होती. तास संपला, गर्दी पांगली, आणि त्याच इमारतीच्या बाजूला फरसबंदीत बसवलेले पांढरे क्रूस दिसले. सत्तावीस. लोक त्यांच्यावरून आइस्क्रीम खात चालले होते. बाजूलाच भिंतीवर नावांचा फलक.

गोष्ट अशी. १६१८ साली हॅब्सबर्ग घराण्याच्या बादशहावर चिडलेल्या सरदारांनी त्याचे दोन कारभारी आणि त्यांचा कारकून यांना किल्ल्याच्या खिडकीतून सुमारे सत्तर फूट खाली फेकलं. तिघंही वाचले. (कारभाऱ्यांचं ठीक आहे, कारकुनाचा काय दोष? खिडकीवर काम केलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पुढे बादशहानं त्याला सरदारकी दिली, हे वाचून बरं वाटलं.) त्यातून युद्ध पेटलं. १६२० साली प्रागच्या बाहेर ‘पांढरा डोंगर’ नावाच्या टेकडीवर लढाई झाली आणि चेक सरदार हरले. पुढच्या जूनमध्ये या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना मारलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं, १९१८ पर्यंत, देश हॅब्सबर्गांच्या हाताखाली राहिला.

ही हरलेली लढाई आहे. तिची खूण त्यांनी शहराच्या सगळ्यात वर्दळीच्या चौकात, पायाखाली, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलीय.

आमच्या टेकडीची गोष्ट कमी आहे का? २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई जुंपली. इंग्रज रेसिडेंट (भोसल्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) जेनकिन्सकडे दीड हजाराच्या आसपास माणसं, भोसल्यांकडे त्याच्या कितीतरी पट. रात्रभर तोफा चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. इंग्रजांचं सगळं संपत आलं होतं, तेव्हा फिट्झजेराल्ड नावाच्या कॅप्टननं आपले घोडेस्वार मैदानात घातले आणि बाजी फिरली. टेकडीही परत गेली. आपण हरलो. नागपूरचं राज्य त्यानंतर नावालाच उरलं. तिसऱ्या रघुजींना पुत्र नव्हता, ते १८५३ साली वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. वर गेल्यावर बघायचं ते हे. लहान टेकडी कुठे, मोठी कुठे, घोडदळ कुठून आलं असेल, महाल ही जुनी वस्ती कोणत्या बाजूला. वरून हात करून दाखवलं तर पाचवीतल्या पोरालाही दहा मिनिटांत समजेल.

मास्तरीणबाईंचं म्हणणं, त्यांनी जन्मभर हा धडा फळ्यावर खडूनं दोन गोळे काढून शिकवला. वर्ग किल्ल्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होता. एकदाही मुलांना वर नेता आलं नाही, कारण तिन्ही दिवस शाळेत झेंडावंदन. हे त्यांनी मला प्रागच्या चौकात क्रुसांशेजारी उभं राहून सांगितलं, आणि सूर बरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सवयीप्रमाणे पहाटेच उठलो आणि चार्ल्स पुलावर गेलो. आदल्या दिवशी दुपारी याच पुलावर मारबतीच्या मिरवणुकीत चितार ओळीत सापडल्यासारखी गत झाली होती. आपण चालत नाही, गर्दी चालवते. पहाटे मात्र चार-दोन माणसं, एक जोडपं लग्नाच्या पोशाखात फोटो काढून घेत होतं, आणि नदीवरून गार वारा. पूल ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. चौथ्या चार्ल्स बादशहानं पायाभरणीचा मुहूर्त ज्योतिषांकडून काढला, असं सांगतात: १३५७ साल, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. ओळीनं मांडलं तर १-३-५-७-९-७-५-३-१, उलट-सुलट एकच. मुहूर्ताच्या बाबतीत आपणच काटेकोर, या समजुतीला तिथे चांगलाच धक्का बसला.

नेपोमुकच्या संत जॉनचा १६८३ सालचा पुतळा पुलावरचा सगळ्यात जुना. त्याच्या खालच्या पितळी पट्टीवर दोन जागा लोकांनी हात लावून लावून सोन्यासारख्या चकचकीत केल्या आहेत, बाकी पट्टी काळी. आमच्या चौघींचे हातही लागलेच, न लावून कसं चालेल? पुलावरचे बरेच पुतळे मात्र नकला आहेत. हवेनं आणि पुरानं दगड झिजतो, म्हणून मूळ पुतळे आत संग्रहालयात सुरक्षित ठेवले आणि बाहेर हुबेहूब उभे केले. आपल्या महालातल्या जुन्या देवळांवरच्या कोरीव लाकडाला हीच वागणूक मिळाली असती तर? आपल्याकडे त्यावर ऑइलपेंट फासतात.

महालावरून आठवलं. किल्ल्याकडून उतरताना नेरुदोवा नावाची उताराची गल्ली लागते. तिथे घरांच्या दारांवर चित्रं कोरलेली आहेत: एकावर दोन सूर्य, एकावर तीन व्हायोलिनं. घरांना नंबर नव्हते तेव्हा हाच पत्ता होता. व्हायोलिनांच्या घरात व्हायोलिनं करणारे कारागीर राहायचे. प्रत्येक दाराशी कुणी ना कुणी थांबून वाचत होतं. महालात याहून काय वेगळं आहे? चिटणवीस वाडा, भोसल्यांचा वाडा, तुळशीबाग, बडकस चौक, चितार ओळ, पूर्वीचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. आमचा पत्ता अजूनही नावावरूनच सांगतात. शहराची वारसा यादी आहे, त्यात श्रेण्याही आहेत, पण गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काय कळतं? बख्त बुलंद शाह या गोंड राजानं १७०२च्या सुमारास हे शहर वसवलं, हेसुद्धा कुठे नीट वाचायला मिळत नाही. सकाळी किल्ला, मग मेट्रोनं किंवा ई-रिक्षानं महाल, दाराशी दाराशी चार ओळींचे फलक, मधे तर्री पोहे. पाहुण्याचा एक दिवस इथेच गेला. वाघ दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. तो कुठे पळून चाललाय?

पण फलकांचं काम लांबेल, हे मला माहीत आहे. निविदा निघतील, मग कुणाचं नाव कुठे यावर वाद होतील. म्हणून मागणी एकच ठेवते: किल्ला आधी उघडा. सैन्याचे स्थानिक अधिकारी, जिल्हा प्रशासन आणि आपले लोकप्रतिनिधी यांनी एकत्र बसून दर रविवारचं ठरवावं. सुरुवातीला तेही जड वाटत असेल तर निदान लढाईचे दोन दिवस, २६ आणि २७ नोव्हेंबर, यंदापासून वाढवावेत. हवा तेव्हा गार असते, शाळा चालू असतात. मास्तरीणबाई माहिती सांगायला येतील, त्यांना थांबवणंच अवघड जाईल. बँकवाली हिशेब बघेल. आणि पाच-दहा रुपये तिकीट ठेवायचं ठरलं, तर खिडकीवर बसायला मी तयार आहे. पगार नको, पंखा चालू असला म्हणजे झालं.

आपली,
एक नियमित वाचक
महाल, नागपूर